आठ चिप, एक चिमटा

३ जून, सोमवार
ही वही मी हौसेनं लिहीत नाही. साहेबांनी लिहायला लावली आहे. आज मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, मॅडम, तुम्ही सोमवारी बोललेलं बुधवारी नाकारता, तेव्हा रोज काय ठरलं ते लिहून ठेवत जा. मी नाकारत नाही, सुधारते. साहेब माझ्याहून अकरा वर्षांनी लहान आहेत, त्यांना हा फरक हळूहळू कळेल.

वस्तुस्थिती अशी. कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या आमच्या ड्राइव्हमध्ये मेमरीच्या आठ चिप आहेत. लिहायची वेळ आली की आठही जणी एकदम वीज ओढतात, व्होल्टेज कोसळतं आणि ड्राइव्ह मान टाकते. शुक्रवारी १४ तारखेला कॅमेरा कंपनीची माणसं बघायला येणार. तोवर जमलं तर हे काम निवृत्तीपर्यंत माझ्याकडे. नाही जमलं तर गुणगुणीकडे. (माझ्या हाताखालची इंजिनिअर. काम करताना सतत गुणगुणते. तीनदा बजावलं आहे.)

उपाय मला माहीत आहे. शिस्त.

४ जून
पद्धत ठरली. परवाना एकच. तो जिच्याकडे तिनंच लिहायचं. झालं की परवाना कंट्रोलरला, म्हणजे चिपांवर देखरेख करणाऱ्या मुख्य चिपला, परत. मग यादीतल्या पुढचीची पाळी.

गुणगुणीचं म्हणणं, चिप काही सगळा वेळ वीज खात नाही, लिहायला लागताना क्षणभर जोर काढते. तेवढ्या क्षणापुरतीच पाळी लावू, बाकी काम सगळ्या जणी बरोबरीनं करतील. आठ जणींत एक सामाईक तार टाकली की जोर काढण्याआधी एकमेकींना सांगतील. मी म्हटलं, या ऑफिसात माझी चौतीस वर्षं झाली, एकमेकींना सांगणं कुठवर जातं ते मला ठाऊक आहे. विषय संपला.

संकल्प: उद्यापासून तिच्याशी गोड बोलायचं.

५ जून, सकाळ
घरी लाइट गेली. ह्यांनी गीझर लावला होता, सासूबाईंनी ओव्हन आणि मी इस्त्री. मेन स्विच पडला. हे अंगाला साबण लावून आतून ओरडत होते. मला मात्र आनंद झाला. अगदी हीच ती समस्या!

घरातही पद्धत लागू केली. कपड्यांच्या दोरीवरचा लाल चिमटा. ज्याच्या कॉलरला चिमटा, त्यानंच जड उपकरण चालवायचं. सासूबाईंनी विचारलं, सूनबाई, मी कॉलर कुठून आणू? बाहीला चालेल असं ठरलं. हे म्हणाले, दाढी करताना लावायचा की नाही? वात्रटपणा.

गोड बोलणं राहिलं. घाई होती.

७ जून
विजय! चाळीस मिनिटं ड्राइव्हनं एकदाही मान टाकली नाही. स्कोपच्या पडद्यावर विजेची रेघ कशी सरळ, वर्गात हाताची घडी घालून बसल्यासारखी.

वेग एक अष्टमांश झाला. साहेब म्हणाले, मॅडम, कॅमेरा एवढा वेळ थांबणार नाही. मी म्हटलं, कॅमेऱ्याला सवय लावावी लागेल. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. पटलं असावं.

शुक्रवारी दाखवायला छोटी क्लिप निवडली आहे. गवतावर बसलेली गाय. हलत नाही.

११ जून, मंगळवार
हे पहाटे बहिणीकडे गेले, दोन दिवसांसाठी. चिमटा कॉलरला तसाच. फोन केला तर म्हणाले, तरीच गाडीत शेजारचा माणूस सारखा बघत होता.

घरात गीझर बंद, ओव्हन बंद, इस्त्री बंद. नियम म्हणजे नियम. सासूबाई म्हणाल्या, माझ्या मुलानं इंजिनिअर बायको केली, आता घरात लाइट असून मी गार पाण्यानं अंघोळ करते. मग म्हणाल्या, चिमटेवाला आलाच नाही, तर पुढच्यानं किती थांबायचं हे नको का ठरवायला? दुसरा चिमटा घे नाहीतर. मी समजावलं की दोष माणसाचा आहे, पद्धतीचा नाही. त्यांना सिस्टिम कळत नाही. वयही झालं आहे.

मी स्वतः चुरगळलेल्या ड्रेसमध्ये ऑफिसला गेले. गुणगुणीनं बघितलं. नुसती गुणगुणली.

१२ जून
अजून गार पाणी. त्यानं तरतरी येते. सासूबाईंनी गॅसवर पातेलं ठेवलं आणि दार आतून लावून घेतलं. फितुरी.

१३ जून, संध्याकाळ
पाच नंबरची चिप बाकीच्यांपेक्षा जास्त वीज ओढते, हे मी बरेच दिवस पाहते आहे. आज स्वतःच्या हातानं बोर्डावरून काढून टाकली. एक बेशिस्त गेली की सात सुधारतात.

गुणगुणी म्हणाली, मॅडम, एकदा चालवून बघू का? मी म्हटलं, आता कशाला? यादी तीच, पाळी तीच. तरी चालवायचं असेल तर रीतसर अर्ज दे, सकाळी बघते. तिनं पाच मिनिटांत अर्ज दिला. मुलगी चिवट आहे. सकाळी बघेन.

हे परत आले. चिमटा जागेवर. सर्व काही नियंत्रणात.

१४ जून, शुक्रवार
सकाळी अर्ज बघायला वेळ मिळाला नाही. इस्त्री करत होते.

११.०० कॅमेरा कंपनीची माणसं आली. तिघं. चहा झाला.
११.२० मी शिस्तीवर थोडं बोलले.
११.४५ साहेबांनी घड्याळ दाखवलं, तेव्हा क्लिप चालू केली. एक नंबरनं लिहिलं. दोननं, तीननं, चारनं. मग काही नाही.
११.५५ काही नाही.
१२.०५ पाहुण्यांपैकी एक म्हणाला, गाय तरी हलेल का?

गुणगुणीनं वाकून बोर्डाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, मॅडम, परवाना पाचकडे गेलाय. पाच कुठंय? पाच माझ्या ड्रॉवरमध्ये होती. यादीतून तिचं नाव काढायचं राहिलं होतं. परवाना रिकाम्या जागेला दिलेला आणि बाकीच्या सगळ्या जणी अदबीनं वाट बघत उभ्या.

नोंद घेण्यासारखं: या संपूर्ण काळात विजेचा वापर जवळजवळ शून्य. मी हे पाहुण्यांच्या लक्षात आणून दिलं. साहेबांनी त्यांना जेवायला नेलं. मला कुणी विचारलं नाही, पण मी डबा आणला होता.

१७ जून, सोमवार
गुणगुणीची तार रविवारी टाकून झाली होती. माझी परवानगी न घेता. आज आठही जणी (पाच परत बसवली) एकदम कामाला लागल्या. जोर काढायच्या क्षणी एक सांगते, बाकीच्या किंचित थांबतात आणि पुन्हा सुरू. पूर्ण वेग. रेघ माझ्या रेघेइतकीच सरळ. साहेबांनी कॅमेरा कंपनीला पुन्हा बोलावलं.

तिनं एक नियमही घातला आहे. जी ठरावीक वेळेत उत्तर देत नाही, तिला वगळून पाळी पुढे न्यायची. लॅबमध्ये सगळे त्याला मॅडमचा नियम म्हणतात. चौतीस वर्षांत इथं कुणाचं नाव नियमाला दिलेलं मी पाहिलेलं नाही. घरी सांगितलं. ह्यांना ठसका लागला. सासूबाई म्हणाल्या, नियम तर माझा होता.

१८ जून, मंगळवार
कामाचा ताबा दिला. मी आपण होऊन सुचवणारच होते, साहेबांनी आधी सुचवलं एवढंच. सह्या झाल्या. सही करताना ती गुणगुणत होती. चाल बरी आहे.

गुणगुणीला दिलं:
बोर्ड – एक, आठही चिपांसकट.
स्कोपची केबल – एक.
गायीची क्लिप.
तिचा १३ तारखेचा अर्ज, आजच्या तारखेनं मंजूर करून.
ही वही, कोरी पानं एकशे बारा. लिहिलेली पानं मी फाडून घेते आहे.

सासूबाईंना दिलं:
लाल चिमटा – एक. त्यांनी तो ह्यांच्या ओल्या टॉवेलला लावला.