ओटीतले तांदूळ

सातपूर, नाशिक
१९ नोव्हेंबर २०२४

चि. तेजलला आजीचे आशीर्वाद.

मी मालनबाई. ओळख पटत नसेल तर सांगते, तुझ्या बापाची आई. तीन दिवस तुझ्या खोलीवर राहून आले त्याला आज नऊ दिवस झाले, पोचले का म्हणून एक फोन नाही. शाळेतल्या पोरांची रोज हजेरी घेतेस, आजीची तेवढी राहून गेली वाटतं. मी फोन केला तर तू ‘हो आजी, हो आजी’ करून ठेवून देतेस, म्हणून हा कागद. मी सांगतेय, तुझी आई लिहितेय. एक शब्द गाळायचा नाही अशी शपथ घातलीय तिला.

गाव चांगलं आहे, कबूल. इगतपुरीला उतरून जीपमध्ये बसले तेव्हा वाटलं होतं, कुठल्या रानात नेमणूक घेतली पोरीने! तर दाराशी दारणा नदी, भोंगा नाही की भांडण नाही. भाडं एवढंसं, इथे तेवढ्यात कुणी स्कूटर उभी करू देणार नाही.

आणि ती दरी! डोळ्यांत मावेना. मी कठडा धरून उभी. तू मागून ओरडलीस, ‘आजी, सांभाळून!’ बरं वाटलं. वळून बघते तर तू अक्काबाईचा हात धरलेला.

मला वाईट वाटलं नाही. अक्काबाई घरमालकीण म्हणून चांगली आहे. तुझ्या डोक्याला तेल लावते, नागलीची भाकरी गरम वाढते. माझी भाकरी तुला कायम जाड लागायची. तिची त्याहून जाड होती आणि तू तीन खाल्ल्यास. मी मोजल्या नाहीत, दिसल्या.

तुझी आई हसतेय. हसू दे. खरं सांगते, मी राहायला आलेच नव्हते. तुला परत आणायचं होतं. जागा धड नाही, पोरीला बदलीचा अर्ज करायला लाव, असं तुझ्या बापाला सांगणार होते. तीन दिवस खोट शोधली. मोरी स्वच्छ, पाणी गोड, दाराची कडी भक्कम. चहात साखर जास्त, एवढंच हाती लागलं.

निघताना तू जीप थांबवायला गेलीस. तेवढ्यात अक्काबाई सुपात तांदूळ घेऊन आली. ‘माय, पदर पसरा.’

म्हटलं, ‘अगं, मला कसली ओटी? मालक जाऊन बारा वर्षं झाली.’

‘माझा बी गेला. म्हणून काय बाईमाणसानं रित्या पदरानं जायचं व्हय? तुम्ही पोरीला न्यायला आल्या, मला समजलंय. न्यायची तर न्या. पन ओटी घेऊन जा.’

बारा वर्षं हळदीकुंकवाला मी आपल्याच घरात आतल्या खोलीत बसते. कुणी बसवत नाही, मीच उठून जाते. पदरात दाणा पडल्याचा आवाज विसरले होते.

तुझ्या आईचा पेन थांबलाय. लिही गं.

तुझ्या बापाला सांगितलं, जागा चांगली आहे. अर्ज नको. म्हणून माझं जळणं थांबलं असं समजू नकोस. संध्याकाळी तुझ्या तेलाची वेळ झाली की इथे बसल्या जागी पेट घेते.

ते तांदूळ अजून शिजवले नाहीत. सुट्टीत ये, अक्काबाईला घेऊन ये. तिचीही ओटी रिकामी असेल. मी भरीन, बाहेरच्या खोलीत, चार बायकांसमोर.

तुझी पहिली आजी,
मालनबाई

ता. क. नागलीचे पापड पाठव. पीठ अक्काबाईचं चालेल, लाटायचे मात्र तू. वाकडे झाले तर फारच उत्तम.