दोन खिडक्यांतला ढावलो

६ नोव्हेंबर २००६, पुसद

माउस मेला तर मेला! विमलताई म्हणाल्या, "या टाइप करायच्या एडिटरला तो लागतच नाही." त्यांच्या कॉम्प्युटर क्लासचा हा जुना डबा सध्या आत्याच्या घरी, माझ्या ताब्यात. पडदा आडवा चिरला — वर एक खिडकी, खाली एक. या खिडकीतून त्या खिडकीत उडी मारायची, एक मोठी करायची, दुसरी मिटायची — सगळं बोटांवर. तळाशी एक ओळ, ती फक्त हुकूम द्यायला. आमची बंजाऱ्यांची गोरबोली आणि मराठी अशी वर-खाली मांडून दाखवली की क्लासमध्ये शिकवायची नोकरी माझी. दाखवणारच!

८ नोव्हेंबर

मजकूर ठरला — ढावलो. नवरी सासरी निघताना माहेरच्यांच्या गळ्यात पडून गाते ते रडगाणं. तांड्यात लग्न ठरलेल्या मुलीला बाया तो शिकवतात. मी न ठरताच शिकतेय!

रुपीआत्या सांगत गेली, मी टाइप करत गेले, रोमन अक्षरांत का होईना. पहिली ओळ चुकून तळाच्या पट्टीत गेली. मशीन म्हणे, असा हुकूमच नाही! आत्या हसली, "तुह्या डब्याले रडणं समजत नाही वं."

तिच्या ढावल्यात सारखं 'देवसिंग वीरा'. वीरा म्हणजे भाऊ. म्हणजे माझे बाबा! ते तेव्हा ढसाढसा रडले म्हणे. मला नाही पटत.

११ नोव्हेंबर

गाढव मी! वर मूळ आहे, खाली त्याची प्रत आहे असं धरून चालले. खाली बिनधास्त गोरबोली पुसून मराठी केलं. वर बघते तर तिथेही मराठी! फाइल एकच, खिडक्या दोन. शिवाय जतनही करून बसले. आधी स्वतःवर चिडले, मग चहा केला. आता फायलीही दोन. आत्या पुन्हा सांगेल, त्यात काय!

१२ नोव्हेंबर

फुलसावंगीहून माझा भाऊ शामदादा आला. कापसाला भाव नाही, गंजी घरातच पडून. अशा साली कोण लग्न काढतंय? माझ्या पथ्यावरच! दादा आत्याशीच बोलत बसला. माझ्या खिडक्या बघितल्याही नाहीत.

१५ नोव्हेंबर

आत्याने ढावलो पुन्हा सांगितला. मी सरसर टाइप केला. वाचते तर 'शाम वीरा'.

"आत्या, तुझा भाऊ तर देवसिंग ना?"

"हा तुहा ढावलो आहे, सोनू. पाठ कर. तुह्या बापानं लग्नाची तारीख काढली."

खूप रडले. फाइल सोमवारी विमलताईंना दाखवणार. दाखवणारच.