वेणूचं वाचन आणि माझा जळफळाट

प्रिय वेणू,

तू गेलीस, आणि काल विहारात तुझं पुण्यानुमोदन झालं. विहाराच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती! मिलच्या दोन्ही पाळ्यांतल्या बाया आल्या होत्या, आणि जी उभी राहील ती तुझ्या वाचनाबद्दलच बोलत होती. "वेणूबाईनं आमाले पुस्तक दाखवलं," म्हणत एक तर ढसाढसा रडली. मला रडू आलं नाही. राग आला. बाई गं, त्या वेणूला पहिलं अक्षर कोणी दाखवलं, हे एकीला तरी आठवावं की नाही? म्हणून आज सकाळीच तुला लिहायला बसले. दुसऱ्या कोणाला सांगू?

खरं सांग, ते वाचन मंडळ कोणाचं होतं? माझंच ना!

आमचे हे गेले आणि मी मिलमध्ये लागले. सुताच्या लडी करायच्या आपल्या खात्यात सातवी पास मी एकटी. मिलच्या वाचनालयाच्या कपाटातून पुस्तक मागून आणलं आणि जेवणाच्या सुट्टीत लिंबाखाली मोठ्यानं वाचायला लागले. आधी तिघी आल्या, मग अकरा जणी झाल्या. अकरावी तू. पाय पसरून, तंबाखू मळत बसलेली.

"हे काळं काळं पाहून तू बोलते कशी वं, शांताबाई?" असं विचारलं होतंस.

पाटी मी आणली. भोंगा व्हायच्या आधी रोज पंधरा मिनिटं, सहा महिने. 'क'चं पोट तू उलट्या बाजूला काढायचीस आणि वरून मलाच म्हणायचीस, "त्याले तिकडूनच भूक लागते."

बांगलादेशच्या लढाईच्या त्या हिवाळ्यात माझा घसा बसला. एक दिवस तू वाच, म्हणून मीच तुझ्या हातात पुस्तक दिलं. तू अडखळत वाचलंस, पण काय वाचलंस! सासूचा आवाज वेगळा, वकिलाचा वेगळा. बाया हसून हसून लोळल्या. दोन दिवसांनी मी पुस्तक उघडलं, तर आपल्यातली सगळ्यात म्हातारी सकराबाई म्हणाली, "शांताबाई, तुहा घसा अजून बसलाच आहे नं? वेणूले वाचू दे."

माझा घसा ठणठणीत होता!

त्या दिवसापासून मी जळायला लागले, वेणू. माझे उच्चार शुद्ध, माझं 'ण' नि 'न' वेगळं, आणि बाया तुझ्या तोंडाकडे बघत बसायच्या. भाकरी घशाखाली उतरायची नाही माझ्या.

मग ते विहिरीचं प्रकरण आलं. गोष्टीतली विधवा विहिरीवर जाते. तू वाचलंस की ती काठावर थोडा वेळ बसली, मग बादली भरून घेतली आणि बहिणीच्या गावाला निघून गेली. बायांनी टाळ्या वाजवल्या. मी तुझ्या खांद्यावरून पुस्तकात पाहिलं. ती तर पहिल्याच ओळीत उडी मारत होती!

मी पुस्तक हिसकावलं. सगळ्यांसमोर. "इथं असं काहीच लिहिलेलं नाही! ही थापा मारते आहे. ती बाई मेली आहे."

तू खाली मान घातलीस. "मले जोडाक्षरं येत नाई," म्हणालीस. "जिथं अडते, तिथं मनानं जोडते."

माझा केवढा विजय! पण सकराबाई उठली आणि पदर झटकत म्हणाली, "आमाले का मालूम नोतं? तू वाचते तं सगळ्या बाया मरूनच राहिल्या. हिनं एक जगवली, तं काहून जीव जळते तुहा?"

तू पुन्हा वाचलं नाहीस. बाया आठवडाभर माझं ऐकायला बसल्या, मग एकेक करत उठल्या. मंडळ मोडलं.

आता जे लिहिते आहे ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. महिनाभरानं एका रविवारी तू माझ्या घरी आलीस. मी दारात केस विंचरत होते. "मले जोडाक्षरं शिकव," म्हणालीस. "लिंबाखाली पुन्हा बाया जमल्या तं मी नाई वाचणार. तूच वाच. मले फक्त यावं वाटते."

मी म्हटलं, "मला वेळ नाही."

कसला वेळ, गं? रविवार होता. हातात कंगवा होता. तू "बरं" म्हणून निघून गेलीस. एखादी शिवी तरी द्यायची होतीस!

तुझ्या रत्नानं शिकवलं तुला शेवटी, शाळेत जाणाऱ्या पोरीनं. दोन वर्षांत तू विहारात दर रविवारी वाचायला लागलीस. मिलच्या बाया तिथं जमायला लागल्या. मलाही दोनदा बोलावलंस. दोन्ही वेळा माझं डोकं दुखत होतं.

पण एकदा मी आले होते. माहीत आहे तुला? भिंतीपलीकडे उभी राहिले. तू तेव्हा विहारात वाचत होतीस तेच पुस्तक मिलच्या कपाटातून काढून पिशवीत आणलं होतं, तुझी चोरी पकडायला! तू वाचत होतीस आणि मी ओळीवर बोट फिरवत होते. एक शब्द इकडचा तिकडे नाही. 'स्त्री', 'प्रश्न', 'उद्ध्वस्त', सगळं चोख. आणि तरी बाया तशाच हसत होत्या, तशाच हळहळत होत्या.

म्हणजे थापांमुळे नव्हतंच ते. तुझ्यामुळे होतं. मी शेवटपर्यंत ऐकलं आणि गुपचूप घरी गेले. इतकी जळले की दोन दिवस ताप आला.

आणि तू? गेटावर भेटलीस की नेहमीचंच, "चहा पेते का वं?" इतकी चांगली काहून वागलीस? थोडी वाईट वागली असतीस, तर मला किती सोपं गेलं असतं!

तुला कावीळ झाली तेव्हा मी दवाखान्यात आले होते. तू झोपली होतीस. उद्या येते, असं मनाशी म्हणून परत फिरले. तो उद्या राहूनच गेला.

काल सगळं आटोपल्यावर रत्नानं माझ्यापुढं पुस्तक ठेवलं. "मावशी, रविवारी तुमी वाचान का? आईचं अर्धं राहिलं." सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. लपवत नाही, वेणू, मनात उकळ्या फुटल्या माझ्या! शेवटी माझी पाळी!

पण मी येत्या रविवारी जाईन तेव्हा आधी पुस्तक उघडणार नाही. आधी उभी राहून सांगेन की लिंबाखालचं वाचन कोणी बंद पाडलं, आणि वेणू शिकव म्हणत दारात आली तेव्हा मी काय उत्तर दिलं. त्यानंतर त्यांनी वाचू दिलं तर वाचीन. नाही दिलं तर मागं बसून ऐकीन. आणि दुसरी कोणी तुझ्यापेक्षा चांगली वाचायला लागली, तर आता तुझ्या वतीनं जळीन, हा माझा शब्द.

तुझीच,
शांता