अर्धवट फ्रेमचा सायरन

सोम., ६ एप्रिल
दुपारी कंपनीत गॅसगळतीचा सायरन. बोईसरात सायरन म्हटलं की लोक आधी पळतात, मग विचारतात. कँटीनच्या मावशी जिन्यावरून पडल्या, मनगट मोडलं. आणि गॅस गळालाच नव्हता!
सगळ्यांच्या नजरा कंट्रोल रूमच्या हरेशकाकांवर, कारण हातानं सायरन वाजवायचं बटण त्यांच्या टेबलापाशी. काका एकच सांगत होते, "मी बटन दाबलाच नाय."

मंगळ., ७
सायरन वाजला तेव्हाचं सिस्टिममधलं रेकॉर्ड पाहिलं. माती खाल्ली मी.
गॅसच्या सेन्सरकडून वायरलेसवर येणारी प्रत्येक फ्रेम, म्हणजे माहितीचा एकेक तुकडा, आधी आपली लांबी सांगते. तेवढे बाइट आले नसतील तर ती फेकायची. ही तपासणी मी लिहिलेल्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे सेन्सर वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये होती आणि गेल्या आठवड्यात मीच बंद केली. शेडमध्ये वेल्डिंग सुरू झालं की फ्रेम तुटक यायच्या, फेकल्या जायच्या, स्क्रीन कोरी. त्यात पाहुणे येणार होते. आमचे मॅनेजर सर : "स्क्रीन भरलेली दिसली पाहिजे." दिसली ना! काल अर्धीच फ्रेम आली, उरलेल्या जागेत मेमरीतला जुना कचरा, तोच गॅसचा आकडा म्हणून वाचला गेला आणि सायरन आपोआप वाजला.
कॉलेजातली पोरंसुद्धा असं करत नाहीत. शी.

बुध., ८
चौकशी होईपर्यंत काकांना घरी बसवलं. सांगायचं ठरवून सरांच्या केबिनमध्ये गेले. ते "बोल" म्हणाले आणि मी उद्याची रजा मागितली. रजा! कशाला हवी होती मला...
प्रमोशन याच महिन्यात आहे म्हणून तोंड शिवलं. दुसरं काही नाही.

शुक्र., १०
फ्रेमच्या लांबीची तपासणी गुपचूप परत घातली. कोणाला पत्ता नाही.
संध्याकाळी उमरोळी स्टेशनबाहेर काका भेटले. ताडगोळे दिले. "मॅडम, तुमी सायबांना सांगा ना. तुमचा ऐकतील." सांगते म्हटलं. घरी आईनं सोलून पुढे ठेवले, मी ताटली परत सरकवली. लाज वाटते स्वतःची.

शुक्र., १७
आठवडाभर सायरन गप्प. वेल्डिंग रोज चालू. स्क्रीन मधूनच कोरी पडते, पण आता कोणी ओरडत नाही.
मीटिंगमध्ये सर खुशीत : "बघा, हरेश गेला आणि सायरन बंद! आणखी काय पुरावा हवा?" माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली. हलवली!! कोणी धरून नव्हती हलवली.
सोमवारी चौकशी. काकांच्या समोर बसून, सॉफ्टवेअर ठीक होतं, एवढंच सांगायला मला बोलावलंय.