नागपूरचा कूलर आणि गुरुमूर्तीची खिडकी

चेन्नई,
जून २००४

तीर्थस्वरूप भावोजींच्या चरणी धाकटा मेहुणा संताजी याचा, घाम पुसून मग घातलेला, साष्टांग दंडवत.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं काय ते पुढे येईलच. तुमचा गुडघा कसा आहे? मोहरीच्या तेलाने उतार पडला की अजून डॉक्टरलाच शहाणपण शिकवताय? सकवारअक्काची साखर तपासलीत का? (ती स्वतः सांगणार नाही, तिच्या डब्यातले पेढे मोजले तरच कळेल.) हरिणी सासरी रुळली असेल. तिला आणि जावईबापूंना आशीर्वाद. लग्नात अक्काने बरोबर दिलेले सांडगे फार छान होते. होते असं लिहितो, कारण ते मी ऑफिसात नेले आणि तिथे ते ओल्या रुमालासारखे मऊ पडले. का पडले, ते सांगण्यासाठीच हे पत्र. माझं मराठी तंजावरच्या जुन्या दप्तरातून काढल्यासारखं आहे म्हणून तुम्ही दर वेळी हसता, आजही हसा, पण मी मात्र हसत हसत लिहीत नाहीये हे ध्यानात असू द्या.

आमचे मालक कृष्णस्वामी मार्च महिन्यात एकदा दुपारी न सांगता आले. आमची कंपनी म्हणजे बंदरात अडकलेला माल कागदपत्रं फिरवून सोडवून देणारी, बंदराजवळच्या पॅरीज भागातल्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर, एका हॉलात बसणारी मूठभर माणसं. त्या दिवशी जेवणानंतर आम्ही सगळे आपापल्या टेबलावर मान टाकून होतो. संगणकावर काम करणारी महालक्ष्मी तेवढी ताठ बसली होती, पण डोळे मिटून. मालकांनी कुणाला उठवलं नाही. संध्याकाळी मला, म्हणजे हेडक्लार्कला, आत बोलावून म्हणाले, "रावजी, अग्निनक्षत्र लागायच्या आत काहीतरी करा. दुपारी मला इथे ऑफिस पाहिजे, धर्मशाळा नको. आणि एसी मागू नका." (अग्निनक्षत्र म्हणजे आमच्याकडचा मे महिन्यातला तो काळ, ज्यात डांबर आणि माणूस दोन्ही मऊ पडतात. आणि रावजी म्हणजे मी. इथे आपल्या लोकांना सगळे रावजीच म्हणतात, मग खिशात काही असो वा नसो.)

मी कामाला लागलो. आधी सकाळी अकरा वाजता सगळ्यांना ताक सुरू केलं, हिंग-कढीपत्ता घालून, चांगलं मातीच्या घागरीतलं. परिणाम असा की जी मंडळी जेवणानंतर झोपायची ती जेवणाआधीच पेंगू लागली. मग ऑफिसची वेळ भल्या सकाळची केली. घरी अन्नपूर्णाने पहाटे उठून डबा करण्याचा निषेध म्हणून मला सलग दहीभात दिला, आणि कस्टमचे साहेब आपल्या वेळेलाच येत असल्यामुळे आम्ही लवकर पोहोचून त्यांच्या बाकांवर झोपू लागलो. म्हणजे झोप तीच, फक्त जागा सरकारी.

आता गुरुमूर्ती. हरिणीच्या बारशाला तो तंजावरला आला होता, उंच, कपाळावर विभूती, तुमच्याशी राजकारणावर हुज्जत घालून शेवटी तुम्हालाच पान लावून देणारा, तो. त्याचं आणि माझं टेबल जोडून. दोघांचे डबे एकत्र उघडायचे; माझी भाजी तो खायचा, त्याच्या बायकोचे अप्पळम, म्हणजे पापड, मी. आमच्या हॉलला पूर्वेला एक मोठी खिडकी आहे, बंदराच्या बाजूची, आणि ती खिडकी त्याची. कागदोपत्री नव्हे, पण सगळ्यांच्या मनात. सकाळभर ती बंद. दुपार चढली, गल्लीतल्या हमालांच्याही शिव्या थकल्या, की हा हातातलं काम ठेवायचा, नाक वर करायचा, उठून दोन्ही दारं ढकलायचा आणि जाहीर करायचा, "कात्तु वंदाच्चु!" वारा आला! आणि खरंच समुद्रावरचा वारा आत यायचा. टेबलावरचे कागद फडफडायचे, सगळे वजनं शोधायला धावायचे, आणि त्या धावपळीत झोप उडायची. इतक्या वर्षांत तो चुकला असेल एखाददुसऱ्या वेळी. मालकांना हवं होतं ते आमच्याकडे आधीपासून होतं, भावोजी. पण रोज मिळणारी गोष्ट उपाय म्हणून कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, माझ्या तर नाहीच.

त्यात एप्रिलमध्ये हरिणीचं लग्न आलं आणि मी तुमच्या नागपूरला आलो. बाहेर रस्त्यावर कुत्रंही नाही, आणि तुमच्या बैठकीत तो कूलर घरघरतोय, वाळ्याचा वास सुटलाय, आणि मी भर दुपारी अंगावर चादर ओढून झोपलोय! मी त्या कूलरची तारीफ केली. एकदा केली असती तर तुम्ही हसून सोडलं असतं. मी जेवताना केली, वरातीत केली, वरमाईजवळही केली. शेवटी तुम्ही माळ्यावरचा दुसरा कूलर उतरवून, गोणपाटात शिवून, माझ्याबरोबर रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमध्ये चढवलात. तुमचं मन मोठं. मी तुम्हाला दोष देत नाही. फक्त एवढंच म्हणतो की वस्तू तुमची, शिकवण तुमची, आणि भोगतोय मी.

कूलर खिडकीत बसवायचा असतो. आमच्या हॉलात खिडकी एकच. सुताराने खिडकीची दारं काढली, चौकटीत कूलर ठोकला, उरलेल्या फटी प्लायवूडने बंद केल्या. मालकांना इतका आनंद झाला की आता छताचा पंखा कशाला म्हणून त्यांनी तो उतरवून स्वतःच्या गोदामात नेला. गुरुमूर्ती बराच वेळ खिडकीकडे बघत उभा होता. मग मला म्हणाला, "रावजी, इथली हवा आधीच ओली आहे. तिला आणखी ओली करून काय करणार?" प्रश्न साधा होता आणि एकांतात विचारला असता तर मी विचार केला असता. पण तो सगळ्यांसमोर विचारला. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तुझ्या हातात असतं तर आपण अजून बैलगाडीनेच माल सोडवत बसलो असतो." महालक्ष्मी हसली. तो हसला नाही. आणि मी, मोठेपणाने, सगळ्यात थंड जागा म्हणून त्याचं टेबल ढकलून थेट कूलरच्या तोंडासमोर नेऊन ठेवलं.

पहिल्या दिवशी गार वाटलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात इडलीच्या पातेल्यातली वाफ भरली. माणसं घामाने भिजली, तो घाम वाळेना. पाकिटं आपली आपण चिकटून बंद झाली, आत पत्र घालायच्या आत. प्रिंटर ओला कागद ओढून अर्ध्यात घास अडकल्यासारखा थांबायचा. रजिस्टरांना बुरशी आली. अक्काच्या सांडग्यांची गत मी वर सांगितलीच, गुरुमूर्तीच्या अप्पळमांचीही तीच. आणि पाणी! या वर्षी शहरात टँकर आला तर पाणी, नाहीतर देवाचं नाव. आणि हा तुमचा पाहुणा दिवसाला बादल्यांवर बादल्या पितो. आमचा म्हातारा वॉचमन रंगा त्या बादल्या दोन जिने चढवायचा आणि माझ्याकडे अशा नजरेने बघायचा की मी फाइल उघडून तोंड लपवायचो. मी तुम्हाला फोन केला, आठवतं? तुम्ही म्हणालात, वाळ्याच्या ताट्या नव्या आहेत, दोन दिवस दम धरा. मी दम धरला. तसंही त्या हॉलात दुसरं काही धरण्यासारखं कोरडं उरलं नव्हतं.

मग ते झालं. एका गिऱ्हाइकाच्या यंत्राच्या सुट्या भागांची मूळ कागदपत्रं गुरुमूर्तीच्या टेबलावर होती. मूळ कागद सांभाळणं हे त्याचंच काम. शनिवारी जाताना कूलर चालूच राहिला. (बंद मी करायचा होता. मी बाजूच्या कॉफीच्या दुकानात कूलरचे गुण सांगत होतो.) सोमवारी येऊन बघतो तर कूलरच्या तोंडातून उडालेल्या तुषारांनी सगळा गठ्ठा लगदा झालेला, शिक्के पसरून जांभळे ढग झालेले. माल बंदरात अडकला, भाडं चढू लागलं, गिऱ्हाइकाने आरडाओरडा केला. कृष्णस्वामी हॉलच्या मध्यभागी येऊन उभे राहिले आणि विचारलं, "हे कागद तिथे कुणी ठेवले?"

मी वर पाहिलं, भावोजी. वर पंखासुद्धा नव्हता, नुसता आकडा होता. मी त्या आकड्याकडे बघत राहिलो. गुरुमूर्ती म्हणाला, "मी ठेवले." आणि ते खरंच होतं, कागद त्यानेच ठेवले होते. फक्त टेबल तिथे कुणी ठेवलं, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मालकांनी त्याला गुम्मिडिपूंडीच्या गोदामात पाठवलं. तिथे पत्र्याचं छप्पर, आसपास कारखाने, आणि घरून यायला-जायला रोज लोकल आणि बस. त्याने टेबल आवरलं. डबा, तांब्या आणि व्यंकटेशाचं कॅलेंडर उचललं. निघताना मला म्हणाला, "वरेन, रावजी." येतो म्हणाला, इतकंच. आणि त्याच आठवड्यात, झालेलं नुकसान बघून, मालकांनी कूलर काढून टाकला आणि काय केलं असेल? एसी बसवला! मी न मागता. आता ऑफिस असं गार आहे की महालक्ष्मी शाल आणते आणि मी कानाला रुमाल बांधून दाखल्यांवर सह्या करतो. खिडकी कायमची बंद. दुपारी कुणी झोपत नाही, कुणी उठतही नाही, कुणी कुणाशी बोलतही नाही. डबा मी एकटा उघडतो. काल अन्नपूर्णाने वांग्याची भाजी नेहमीसारखी दोघांची दिली होती, ती अर्धी परत आली, आणि तिने विचारलं नाही. मला वाईट वाटतं, भावोजी. फार वाईट वाटतं. रोज कामासाठी गोदामाला फोन करावा लागतो. तो उचलतो, कंटेनरचा नंबर सांगतो, आणि ठेवतो. इतक्या वर्षांत त्याने माझ्याशी इतकं मुद्देसूद बोलणं कधी केलं नव्हतं.

असो. कळावे काय, कळवलं तेवढं पुरे झालं. अक्काला नमस्कार. गुडघ्याला जपा, आणि कुणी तुमच्या घरातल्या कुठल्या वस्तूची तारीफ केली तर त्याला नुसता चहा द्या.

आपला,
संताजी

ता. क. मुख्य काम राहिलंच. तुम्ही गुरुमूर्तीला एक पत्र लिहावं. इंग्रजीत लिहा, तुमच्या त्या वळणदार अक्षरात, की हा सगळा घोटाळा तुमचा. कूलर तुम्ही गळ्यात मारलात, खिडकीत ठोकायला तुम्ही सांगितलंत, टेबल समोर ठेवायलासुद्धा तुम्हीच. माझं नाव घालून चार शिव्या दिल्यात तरी चालतील, पण मोठी चूक तुमची दिसली पाहिजे. तुम्ही लांब आहात, निवृत्त आहात, तुमचं काही बिघडणार नाही.

ता. क. दुसरा. वरचं लिहून झाल्यावर आठवलं की नागपूर स्टेशनवर गोणपाट चढवताना तुम्ही म्हणाला होतात, "संताजी, समुद्रकाठी हा चालेल का रे? हा कोरड्या हवेचा गडी." आणि मी म्हणालो होतो की भावोजी, तुम्ही समुद्र पाहिलाय कुठे. अक्का शेजारीच होती, तेव्हा नाही म्हणण्यात अर्थ नाही. तरीही पत्र लिहावं ही विनंती. कूलर सध्या आमच्या गच्चीवर आहे. अन्नपूर्णा त्यात कांदे ठेवते, आणि कांदे उत्तम राहतात.

ता. क. तिसरा. पत्र लिहू नका. हे पाकीट दोन दिवस माझ्या टेबलावर पडून होतं (एसीमुळे आपोआप चिकटलं नाही, म्हणून हे घालता येतंय). आज मी कृष्णस्वामींकडे गेलो आणि टेबल कुणी हलवलं, कूलर कुणी चालू ठेवला, ते सांगितलं, आणि म्हणालो, गुरुमूर्तीला परत आणा, नाहीतर मला तिकडे पाठवा. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "एसी लावून दिला तर तुम्ही पत्र्याखाली निघालात? जा. पण परत कुणाला आणणार नाही, गोदामाचा हिशेब त्याच्यामुळे इतक्या वर्षांत पहिल्यांदा लागलाय." मग मी गुम्मिडिपूंडीला फोन लावला आणि गुरुमूर्तीलाही सगळं सांगितलं, सोमवारपासून मी तिकडेच येतोय हेही.  पलीकडून पत्र्याचा कडकड आवाज तेवढा येत होता. मी ठेवणार तेवढ्यात, मला नाही, तिथल्या खोलीला उद्देशून, तो ओरडला, "कात्तु वंदाच्चु!" दार ढकलल्याचा आवाज आला, कागद फडफडले, कुणीतरी धावलं. मग फोनवर आला आणि म्हणाला, "रावजी, इथे वारा जरा उशिरा येतो. सोमवारी येताना वांग्याची भाजी आण. आणि टेबलफॅन आण. कूलर आणलास तर फाटकातूनच परत पाठवीन."