पाहुण्याला ओवाळणं

लातूर. मंगळवार, दिवेलागण.

कुणी कायमचं घर देईपर्यंत सांभाळायला आणलेला निलंग्याचा ससा आज आमच्या सशिणीसमोर, चिंगीसमोर सोडला. चिंगी त्याच्याभोवती गोल फिरू लागली. आई म्हणाली, "बघ, पाहुण्याला ओवाळतीय." मीही हसले.

ते ओवाळणं नव्हतं. पुढच्याच फेरीला तिनं झडप घातली. केसांचे पुंजके उडाले. सोडवताना माझ्या बोटाला चावा बसला, त्याचा कान फाटला. रक्त थांबलंय, पण तो काही खात नाही. सशानं खाणं सोडलं की लई वाईट, पोटच बंद पडतं. अन् सशाचं असं गोल फिरणं म्हणजे भांडणाची तयारी, हे माहीत होतं ना मला? मग हसले कशी?

मध्ये जाळी लावलीय. पलीकडं चिंगीच्या फेऱ्या चालूच. "अजून ओवाळतीय का गं?" आईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

उजव्या हातानं लिहितेय. डावा त्याच्या पोटावर आहे. श्वास हाताला लागतोय. हात काढायची भीती वाटतेय.