रऊफचाचाच्या तिजोरीतली पोत

अहो,

लग्नातली पोत माही का तुमच्या घरची, यावरून बैठकीत जुंपली, तवा ती रऊफचाचा सराफाच्या तिजोरीत ठेवली. फारकतीच्या सह्या झाल्यावर दोघं संगं आलो तरच त्यांनी ती काढायची, असं ठरलं. वकील याले एस्क्रो म्हनतात, चाचा अमानत म्हनतात.

काल जऊळक्याच्या बाजारात गेली, तं चाचाच्या दुकानात गेल्याबिगर राहवलं नाही. म्हटलं, "चाचा, नेत नाही, नुसती पाहू द्या."

"ना बेटी. दोघं या."

असा राग आला! पायरी उतरली, तं चाचा मागून बोलले, "मागच्या बाजारी तुहा प्रज्वलबी एकटाच आलता. त्यालेबी नुसती पाहाची होती."

हे पत्र टाकत नाही. येत्या बाजारी त्याच पायरीवर बसून राहीन. तुमी आपल्या मनानं आले तं सहीचा पेन आनू नका.

तुमचीच,
रूपाली